पीएचमधली पायाची सूज: घरच्या जेवणात मीठ, पाणी आणि वजन कसं सांभाळायचं

माझ्या बायकोला पल्मनरी हायपरटेन्शन आहे, म्हणजे फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधलं बीपी वाढलेलं, घरात आम्ही पीएचच म्हणतो. जन्मापासून हृदयाच्या पडद्याला भोक होतं ते कुणाच्या लक्षातच आलं नाही, तिशी ओलांडल्यावर जिना चढताना दम लागायला लागला आणि मग टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, सगळं निघालं. आम्ही सातारकडचे. हिला दमायला होतं म्हणून स्वयंपाक आता बहुतेक मीच करतो, आणि सूज येऊ नये म्हणून काय करायचं ते मी पुस्तकातून कमी आणि ओट्याजवळ उभं राहून जास्त शिकलो. गोळ्यांचं डॉक्टर बघतात, त्यातलं मी काही सांगणार नाही. पण गोळी पाणी बाहेर काढतीय आणि आपण जेवणातनं तेवढंच परत भरतोय असं आमच्याकडं पहिले सहा-सात महिने चाललं होतं, ते तुमच्याकडं होऊ नये म्हणून हे लिहितोय. खाली जे आकडे आहेत ते हिला आमच्या डॉक्टरांनी दिलेले किंवा साधारण सगळीकडं सांगतात ते आहेत, तुमच्या पेशंटची किडनी, बीपी, गोळ्या वेगळ्या असणार, तेव्हा तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडनंच लिहून घ्या. कागदावर लिहून घ्या, तोंडी "मीठ कमी करा" यावर घरी यायचं नाही, कारण कमी म्हणजे किती हे घरातल्या प्रत्येकाचं वेगळं असतं.

आधी सूज का येते ते थोडक्यात, कारण ते कळलं की पुढचं सगळं पटतं. हृदयाची उजवी बाजू फुफ्फुसाकडं रक्त ढकलते. पीएचमध्ये फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या अरुंद आणि कडक झालेल्या असतात, त्यामुळं उजव्या बाजूला फार जोर लावायला लागतो आणि ती हळूहळू थकते. पाटाला पाणी सुटलंय आणि पुढचं दार कुणी अर्धं लावून ठेवलं तर काय होतं, पाणी मागं तुंबतं आणि बांध ओलांडून शेतात पसरतं. तसंच रक्त मागं तुंबतं, आणि त्यातलं पाणी घोट्याजवळ, पायात, पोटात, लिव्हरमध्ये उतरतं. त्यात भर म्हणजे किडनीला वाटतं की शरीरात रक्त कमी पडतंय, म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागते. सलाईनच्या बाटलीवर कधी बघितलं असेल, 0.9 टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला 9 ग्रॅम मीठ. आपल्या अंगातलं पाणी पण साधारण तेवढंच खारट. मग हिशोब सोपा आहे, अंगात 9 ग्रॅम मीठ अडकलं की त्याच्याबरोबर जवळजवळ एक लिटर पाणी अडकतं आणि काट्यावर एक किलो वाढतं. आपल्याकडं माणूस दिवसाला सरासरी 8 ते 11 ग्रॅम मीठ खातो. म्हणजे किडनी मीठ धरून बसलेली असेल तर दोन-तीन दिवसात पाय सुजायला किती कमी मीठ पुरतं बघा.

वजनापासून सुरुवात करा

जेवण बदलायच्या आधी एक डिजिटल वजनकाटा आणा. सकाळी उठल्यावर, लघवीला-संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज साधारण तेवढ्याच कपड्यात वजन करायचं. आम्ही ते भिंतीवरच्या कॅलेंडरवरच लिहितो, जिथं दुधाचा हिशोब लिहायचो त्याच चौकोनात. वही केली होती पण वही कपाटात जाते आणि राहतं, कॅलेंडर समोर असतं. वजन हे सुजेच्या आधी बोलतं, पायावर दिसेपर्यंत अंगात बरंच पाणी साठलेलं असतं. एका रात्रीत कुणाची चरबी एक किलो वाढत नाही, वाढलं ते पाणीच.

आम्हाला सांगितलेली हद्द अशी: एक-दोन दिवसात एक ते दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर वाढलं तर वाट बघायची नाही, फोन करायचा. आणि सूज बघायची ती नडगीच्या हाडावर अंगठ्यानं पाच-दहा सेकंद दाबून, खड्डा पडतो का आणि तो किती वेळ राहतो ते. हिच्या बाबतीत आणखी एक खूण आम्हाला सापडली, पायापेक्षा आधी परकराची नाडी कमरेला रुततीय असं ती म्हणते, म्हणजे पोटात पाणी यायला लागलेलं असतं. पैंजण घट्ट होणं, बोटातलं जोडवं न निघणं, सॉक्सचा वळ संध्याकाळपर्यंत न जाणं, हे पण बघत जा. जो पेशंट जास्त वेळ झोपून असतो त्याच्या पायाला कमी आणि कमरेच्या मागं, माकडहाडाजवळ जास्त सूज असते, तिथं दाबून बघायला लोक विसरतात.

मिठाची डबी

हिला डॉक्टरांनी दिवसाला 2000 मिलीग्रॅम सोडियम सांगितलंय. म्हणजे सगळं मिळून 5 ग्रॅम मीठ, सपाट चहाच्या चमच्याला थोडं कमीच. पण ते सगळं वरनं घालायचं नसतं, कारण दूध, अंडी, भाज्या, मासे यात स्वतःचं सोडियम असतंच. म्हणून आम्ही 500-600 मिलीग्रॅम त्यासाठी सोडतो आणि साडेतीन ग्रॅम मीठ सकाळी छोट्या काट्यावर मोजून हळदीकुंकवाच्या एका स्टीलच्या डबीत काढून ठेवतो. दिवसभराचं हिचं मीठ ते. डबी रिकामी झाली की संपलं. दागिने मोजायचा काटा असतो तसा छोटा ऑनलाईन तीनशे-चारशेला मिळतो, चमच्यावर विसंबू नका, आमच्या घरातल्या तीन चमच्यात मी मीठ मोजून बघितलं तर तिन्हीत वेगळं भरलं.

स्वयंपाक दोनदा करायला लागत नाही, हे मला फार उशिरा कळलं. सुरुवातीला मी हिची भाजी वेगळी करायचो, मग कंटाळा यायचा, आणि हिला पण वाटायचं की आपल्यामुळं सगळ्यांना त्रास. आता भाजी, आमटी सगळ्यांची एकच, पण मीठ न घालता शिजवायची. शिजल्यावर हिच्यापुरती वाटी बाजूला काढायची, मग बाकीच्यात मीठ घालून एक उकळी. हिच्या वाटीत डबीतलं चिमूटभर मीठ अगदी जेवायला बसताना, वरनं. वरनं घातलेलं मीठ जिभेला आधी लागतं, शिजवताना घातलेलं आत मुरून जातं, त्यामुळं अर्ध्या मिठात पण खारट वाटतं. भाकरीच्या पिठात, कणकेत, भातात मीठ घालायचं बंदच करून टाका. ज्वारीची, बाजरीची भाकरी तशीही बिनमिठाचीच करतात कितीतरी घरात, चपातीचं पण आठ दिवसात कुणाला कळत नाही. माझ्या पोरांनी विचारलंसुद्धा नाही.

पहिले दोन-तीन आठवडे जेवण मातीसारखं लागतं हे खरं आहे. हिच्या डोळ्यात पाणी आलं होतं एकदा ताटावर. पण जीभ सवय बदलते, साधारण महिन्यानं हिला बाहेरची भजी खारट लागायला लागली.

दिसत नाही ते मीठ

डबीतलं मीठ सांभाळूनही हिचं वजन हलत नव्हतं, आणि कारण सापडलं ते बरणीत. आपल्याकडं उन्हाळ्यात वर्षाची चटणी करतात ना, कांदा-लसूण मसाला, डंकावर कुटून आणतो ती, त्यात टिकण्यासाठी खडेमीठ चांगलं मुठीमुठीनं घातलेलं असतं. आणि आम्ही प्रत्येक भाजीत, आमटीत ती दोन चमचे टाकत होतो आणि वर म्हणत होतो की हिची भाजी आळणी आहे. आता गेल्या तीन वर्षापासनं आम्ही हिच्यासाठी अर्धा किलोची चटणी बिनमिठाची कुटून आणतो आणि फ्रीजमध्ये ठेवतो, टिकते. कोल्हापूर, सांगली, सातारा, कऱ्हाड भागातल्या लोकांनी हे आधी तपासा, बाकी सगळं नंतर.

कोकणातल्यांनी आगळ बघा. आमसूल आंबट आहे, मीठ कमी लागेल म्हणून चांगलं, पण आगळ म्हणजे मिठात घातलेला कोकमाचा रस, ती सोलकढी वाटीभर पिली तर दिवसाचं बरंचसं मीठ गेलं. आमसुलं पण मिठाचा हात लावलेली असतात, धुवून घ्या. खारा बोंबील, सुकट, सुका बांगडा हे तर सोडाच, ताजी मासळी मात्र आनंदानं खा.

मग पापड. एका उडदाच्या पापडात साधारण 200 मिलीग्रॅम सोडियम, त्यात मीठ असतं आणि पापडखार पण असतो, तो पण सोडियमच. लोणच्यात वजनाच्या 10 टक्के आणि कधी त्याहून जास्त मीठ, एक फोड चाटली तरी मोजा. कुरडया, सांडगी मिरची, फरसाण, खारे दाणे, खारी, टोस्ट, पाव, सॉस, चाट मसाला, पिवळं पॅकेटचं बटर, चीज. चुरमुऱ्यालासुद्धा भट्टीवर मिठाचं पाणी लावलेलं असतं. नूडल्सच्या एका पाकिटात 700 ते 1000 मिलीग्रॅम, म्हणजे अर्धा दिवस एका वाटीत. आणि खायचा सोडा. तो खारट लागत नाही म्हणून कुणी मोजत नाही, पण एका सपाट चहाच्या चमचात 1200 मिलीग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. ढोकळा, हॉटेलची भजी, इन्स्टंट इडली यात तो असतोच. उपवासाचं पण तसंच, वेफर्स आणि साबुदाण्याच्या चकल्या खाऊन एकादशीला हिचं वजन वाढायचं.

पाकिटावर मागं सोडियम मिलीग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, बहुतेक 100 ग्रॅमला. त्याला अडीचनं गुणलं की मीठ येतं. 100 ग्रॅमला 120 पर्यंत असेल तर मी घेतो, 600 च्या वर असेल तर परत ठेवतो, मधलं असेल तर किती खाणार त्यावर.

चव कुठनं आणायची

आंबट, तिखट, खमंग. या तीन गोष्टी असल्या की मिठाची उणीव बरीच भरून निघते. वरणावर साजूक तूप आणि लिंबू भरपूर, हे हिचं रोजचं. वांगं चुलीवर किंवा गॅसवर चांगलं काळं होईपर्यंत भाजलं की भरताला मीठ नावापुरतंच लागतं, धुराचा वासच चव देतो. ठेचा बिनमिठाचा करायचा असेल तर हिरवी मिरची आणि लसूण तव्यावर तेल टाकून डाग पडेपर्यंत भाजायचा, मूठभर भाजलेले शेंगदाणे, कोथिंबीर, आणि खाली उतरवल्यावर लिंबू पिळायचं, कच्च्या मिरचीचा ठेचा मिठाशिवाय नुसता झोंबतो, भाजलेला गोडसर लागतो. भाजलेलं सुकं खोबरं आणि तीळ जाडसर कुटून ठेवा, कुठल्याही पालेभाजीवर टाकता येतं. कैरीच्या दिवसात कैरी, एरवी चिंच, आमचूर. काळा मसाला घरचा असेल तर त्यात बहुतेक मीठ नसतं, विकतचा असेल तर पाकीट वाचा. काकडीची कोशिंबीर आधी मीठ लावून पाणी सोडवून नका ठेवू, कूट, लिंबू, जिऱ्याची फोडणी घालून लगेच वाढा. ताकात जिरेपूड, कढीपत्ता, आलं. कारळ्याची, जवसाची चटणी घरी बिनमिठाची करून ठेवली तर भाकरीबरोबर फार बरी.

लोक सांगतात ते उपाय

आमच्या आत्यानं मायेनं सांगितलं की साधं मीठ बंद कर आणि सैंधव वापर, सैंधवानं सूज येत नाही. आम्ही महिनाभर ते मोकळ्या हातानं वापरलं आणि दोन किलो वजन वाढून बसलं, रात्री हिला उशा वाढवून झोपायला लागलं. सैंधव, काळं मीठ, समुद्राचं जाडं मीठ, हे सगळं मुख्यत्वे सोडियम क्लोराईडच, ग्रॅमला ग्रॅम जवळजवळ सारखंच. वापरायचं असेल तर वापरा पण डबीत मोजून.

लो-सोडियम मिठाचं प्रकरण याच्यापेक्षा गंभीर आहे. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं. पीएचच्या खूप पेशंटना स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी चालू असते, अल्डॅक्टोन म्हणून किंवा डायटॉर प्लससारख्या जोडगोळीत, आणि ती गोळी पोटॅशियम अंगात धरून ठेवते. त्यावर हे मीठ म्हणजे पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांनी रक्त तपासून स्वतः सांगितल्याशिवाय ते घरात आणू नका. शहाळ्याचं पण तेच. आजारी माणसाला बघायला येणारा प्रत्येकजण शहाळं घेऊन येतो, त्यात पोटॅशियम पण भरपूर आणि एक ग्लास पाणी पण, आम्ही प्रेमानं घेतो आणि पोरांना देतो. उलट ज्यांना नुसती लॅसिक्स किंवा डायटॉर ही लघवीची गोळी चालू आहे त्यांचं पोटॅशियम कमी पण होऊ शकतं आणि त्यांना डॉक्टर केळं, मोसंबं खायला सांगतात. म्हणजे एकाच घरात एकाला चालतं ते दुसऱ्याला चालत नाही, रक्ताचा रिपोर्ट बघूनच ठरवायचं.

ज्येष्ठमध. खोकल्याला काढ्यात घालतात, चघळायला देतात, पण ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर अंगात सोडियम-पाणी साठतं आणि पोटॅशियम बाहेर जातं, म्हणजे आपल्याला नको ते दोन्ही. धन्या-जिऱ्याचं पाणी, जवाचं पाणी, पुनर्नवा यांनी लघवी होते म्हणून लोक सुचवतात, पण लघवीची गोळी चालू असताना त्याच्यावर आणखी भर टाकायची नाही, आणि ते ग्लासभर पाणी तुमच्या पाण्याच्या हिशोबात जातंच. अंगदुखीला मेडिकलमधनं ब्रुफेन, डायक्लोफेनॅक आणून घेणं पण सूज वाढवतं, किडनी मीठ धरते त्यानं. पाण्यात टाकल्यावर फेस येतो त्या गोळ्या आणि ॲसिडिटीच्या पुड्या, त्या फेसात सोडियम असतं, एका गोळीत 400 मिलीग्रॅमपर्यंत आणि एका पुडीत 700 च्या वर. ओआरएसच्या लिटरमध्ये 1700 च्या आसपास, तेव्हा उन्हाळ्यात थकवा आला म्हणून आपल्या मनानं ओआरएस पाजू नका.

पाणी

सगळ्यांनाच पाणी मोजायला सांगतात असं नाही, सांगितलं असेल तरच. हिला दीड लिटर आहे. सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवायची, ते पिण्याचं पाणी, गोळ्यांचं पण त्यातलंच. उरलेलं अर्धा लिटर म्हणजे चहा, दूध, आमटी, ताक. घरातला कप आणि वाटी एकदा मोजून घ्या, आमच्या आमटीच्या वाटीत 150 मिली बसतं, मला शंभर वाटायचं. कलिंगड, बर्फ, आइस्क्रीम, पेज, सूप सगळं पाणीच.

तहानेचं काय करायचं हा खरा प्रश्न आहे. मीठ कमी झालं की तहान आपोआप निम्म्यावर येते, हे आम्ही बघितलं, म्हणून आधी मीठ आणि मग पाणी. बाकी बर्फाचा एक खडा चोखायचा, चूळ भरून टाकायची, लवंग किंवा वेलदोडा तोंडात ठेवायचा, लिंबाची फोड नुसती जिभेला लावायची. मोठ्या ग्लासऐवजी फुलपात्र वापरा. गोड खाल्लं की पण तहान लागते. मे महिन्यात घाम फार जातो, जुलाब-उलट्या झाल्या तर पाणी आणखी कमी होतं, तेव्हा तेच दीड लिटर आणि तीच लघवीची गोळी धरून बसायचं नाही, चक्कर यायला लागते, सोडियम खाली जातं. त्या दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळीचं विचारा.

पोट भरतंच नाही

सुजेच्या नादात एक गोष्ट मागं पडते. आतडी आणि लिव्हर पण सुजलेले असतात, त्यामुळं दोन घासात पोट गच्च होतं, भूक मरते, आणि माणूस आतनं खंगत जातो पण पाण्यामुळं वजन तेवढंच दिसतं. दंड बारीक आणि पाय जाड असं दिसलं की समजायचं. म्हणून दोन मोठी जेवणं बंद करून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. पोट तुडुंब भरलं की दम पण जास्त लागतो. प्रत्येक वेळी थोडं प्रोटीन, मुगाचं घट्ट वरण, अंडं, दही, घरचं पनीर, ताजा मासा, चिकन. मटकी-वालानं हिला गॅस होतो, मूग चालतो. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन कमी झालं तर सूज आणखी वाढते.

पीएचमध्ये लोह कमी असणं बऱ्याच जणांना असतं, तपासून घ्या, आणि जेवणाबरोबर चहा नको, लिंबू हवं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, पाणी मोजकं आणि लोहाची गोळी यानं होतंच, आणि संडासला जोर लावणं पीएचच्या पेशंटला धोक्याचं, भोवळ येऊ शकते. भाकरी, पेरू, भिजवलेल्या मनुका, पपई. पालेभाज्या उत्तम, पण रक्त पातळ करायची ॲसिट्रोम किंवा वॉरफरीन चालू असेल तर पालक-मेथी एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही असं करू नका, दर आठवड्याला साधारण सारखीच ठेवा, नाहीतर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, वरखाली होतो. गणपतीत पपनस येतं, ते ग्रेपफ्रूटच्या जातीचं फळ, सिल्डेनाफिल-टॅडालाफिलसारख्या पीएचच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वरखाली करू शकतं, हिला आम्ही देत नाही.

एवढं सगळं करून पण सूज आली तर पेशंटला बोल लावू नका. ॲम्ब्रिसेंटान, बोसेंटान या पीएचच्याच गोळ्यांनी पायाला सूज येऊ शकते, बीपीच्या ॲम्लोडिपिननं पण येते. आणि गोळी आपल्या मनानं बंद तर अजिबात करायची नाही, पीएचची औषधं अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकतं. एकाच पायाला सूज, लाल, दुखतोय, गरम, असं असेल तर ती मिठाची सूज नाही, गुठळी असू शकते. दम अचानक वाढला, चक्कर येऊन पडलं, छातीत दुखलं, ओठ निळे पडले, खोकल्यात रक्त आलं, तर कॅलेंडर-काटा बाजूला ठेवून सरळ दवाखाना.

लग्नकार्याचं सांगतो आणि थांबतो, कारण खरी गडबड तिथं होते. आम्ही लग्नाला जाताना हिची भाजी-भाकरी डब्यात नेतो, पहिल्यांदा हिला लाज वाटायची, आता पंगतीत बसून डबा उघडते, ताटातला साधा भात, कोशिंबीर आणि जिलबीचा एक वेढा घेते, मठ्ठा आणि रस्सा सोडते. दिवाळीचा चिवडा भाजक्या पोह्यांचा, भरपूर खोबरं, डाळं, कढीपत्ता, तीळ, पिठीसाखर आणि लिंबूफूल घालून, हिच्यापुरता डबा मीठ घालायच्या आधी काढून ठेवायचा. शंकरपाळी, बेसनाचे लाडू यात मीठ नसलं तरी चालतं. चकली मात्र नाही. आणि सणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वजन नक्की बघायचं, गेल्या दिवाळीत पाडव्याला 600 ग्रॅम वाढलं होतं, आम्ही दोन दिवस डबीतलं मीठ अडीच ग्रॅमवर आणलं, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी परत जाग्यावर होतं. ओपीडीला जाताना मी कॅलेंडरच्या त्या तीन महिन्यांच्या पानांचे फोटो काढून नेतो, डॉक्टर आधी तेच बघतात आणि मग स्टेथोस्कोप लावतात.